परदेशातील पहिली चूल : भारतीय विद्यार्थ्यांच्या स्वयंपाकाचा सामाजिक इतिहास (१८८३ ते १९२३)

प्रास्ताविक

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उच्च शिक्षणासाठी विलायतेस अथवा अमेरिकेस गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांविषयी आपल्याकडे विपुल लेखन झाले आहे. त्यांनी कोणत्या पदव्या संपादन केल्या, कोणाच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव पडला, परतल्यावर त्यांनी कोणते सार्वजनिक कार्य आरंभिले, याची चर्चा चरित्रकारांनी व इतिहासकारांनी सविस्तर केलेली आढळते. हे विद्यार्थी तेथे रोज काय जेवत होते, ते अन्न कोण शिजवीत होते आणि स्वतः शिजविण्याची वेळ आल्यावर ते कोणाकडून शिकले, हे प्रश्न मात्र बहुधा एखाद्या गमतीदार प्रसंगापुरते उल्लेखून सोडून देण्यात आले आहेत. स्वयंपाक हा घराच्या आतल्या दालनाचा विषय. तो इतिहासाच्या दिवाणखान्यात आणण्याजोगा नाही, असा एक अलिखित संकेत त्यामागे असावा.

वस्तुतः त्या काळातील परदेशगमनाचा वाद हा मुख्यतः अन्नाचाच वाद होता. समुद्र ओलांडणे निषिद्ध होते, पण समुद्रापलीकडे गेलेला मनुष्य कोणाच्या हातचे खातो, या शंकेने तो निषेध अधिक धारदार होत असे. पुण्यात १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानाचे प्रकरण सर्वपरिचित आहे. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांना चहाच्या एका पेल्यापायी ग्रामण्याला तोंड द्यावे लागले व अखेर प्रायश्चित्तही घ्यावे लागले. ज्या वर्षी पुण्यात हा खल चालला होता, त्याच सुमारास लंडनमधील एका भाड्याच्या खोलीत राजकोटचा एक एकवीस वर्षांचा विद्यार्थी स्वतःच्या स्टोव्हवर ओटची लापशी शिजवीत होता. हे दोन प्रसंग एकत्र ठेवून वाचण्याची आपल्याला सवय नाही. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे. विवेचन प्रामुख्याने मोहनदास करमचंद गांधी यांच्या लंडनमधील वास्तव्याभोवती (१८८८ ते १८९१) गुंफले असून, आनंदीबाई जोशी व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अनुभवांशी त्याची तुलना केली आहे.

घरून नेलेली शिदोरी

गांधींच्या जातीने, म्हणजे मोढ वाणी समाजाने, त्यांच्या विलायतगमनास मुंबईत विरोध केला. जातीच्या शेठने त्यांना बहिष्कृत ठरविले आणि जो कोणी त्यांना साहाय्य करील अथवा धक्क्यावर निरोप देण्यास जाईल त्यास सव्वा रुपया दंड जाहीर केला. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते ‘क्लाइड’ या जहाजाने निघाले. मद्य, मांस व स्त्री यांना स्पर्श न करण्याची प्रतिज्ञा त्यांनी आईसमोर केली होती. ती देवविणारे बेचरजी स्वामी जैन साधू होते. जहाजावर इंग्रजी बोलण्याचा व काट्याचमच्याने खाण्याचा संकोच असल्याने ते आपल्या खोलीतच बसून घरून आणलेली मिठाई आणि फळे खात.

लंडनला पोहोचल्यावर ही शिदोरी पुरणे शक्यच नव्हते. रिचमंड येथे एका स्नेह्याच्या घरी व त्यानंतर वेस्ट केन्सिंग्टनमधील एका विधवा घरमालकिणीकडे ते राहिले. सकाळच्या लापशीने पोट बरे भरे; पण दुपारी आणि रात्री पालक, पाव आणि मुरंबा एवढ्यावर भागवावे लागे. भाज्या उकडलेल्या, मीठमसाल्याविना. पावाचे दोन-तीन काप पुढ्यात येत. अधिक मागण्याची लाज वाटे. घरमालकिणीच्या मुली कधी एखादा काप जास्त वाढीत, पण त्या वयाच्या भुकेला तो कितीसा पुरणार! त्या बाईलाही दोष देता येत नाही. मांस, मासे वगळून एका माणसाला रोज काय करून घालावे, हे तिला खरोखरच कळत नव्हते.

अशा अवस्थेत शहरात रोज दहा-बारा मैल पायपीट करीत असता त्यांना फॅरिंग्डन स्ट्रीटवर ‘सेंट्रल’ नावाचे शाकाहारी उपाहारगृह सापडले. तेथेच एक शिलिंग देऊन त्यांनी हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराचा पुरस्कार करणारे पुस्तक विकत घेतले. इंग्लंडात आल्यापासूनचे पहिले पोटभर जेवण आणि शाकाहाराची पहिली तात्त्विक मांडणी एकाच दारातून त्यांच्या हाती लागली. पुढील चरित्रकारांनी साहजिकच पुस्तकावर भर दिला आहे. तथापि भुकेल्या माणसाच्या दृष्टीने क्रम काय असावा, हे सांगावयास नको.

सव्वा शिलिंगाचा दिवस

काही महिने सभ्य इंग्रज गृहस्थ होण्याच्या खटाटोपात गेल्यानंतर गांधींनी खर्चाचा हिशेब मांडला. कुटुंबात राहण्याचे सोडून त्यांनी प्रथम दोन खोल्या घेतल्या, आणि पुढे एकाच खोलीवर येऊन एक स्टोव्ह विकत घेतला. मराठी घरांना ज्याचे नाव पुढे घरच्या माणसासारखे झाले तो प्रायमस हा नव्हे, कारण तो स्वीडनमध्ये १८९२ साली तयार झाला आणि गांधी १८९१ मध्येच मायदेशी परतले होते. या साध्याशा स्टोव्हवर सकाळी ओटची लापशी आणि कोकोसाठी आधणाचे पाणी एवढेच होई. त्यास जेमतेम वीस मिनिटे लागत, अशी नोंद त्यांनी आत्मकथेत केली आहे. दुपारचे जेवण बाहेर, रात्री पुन्हा खोलीवर पाव आणि कोको. अशा रीतीने दिवसाचा अन्नखर्च एक शिलिंग तीन पेन्सांवर आला.

या आकड्याचा थोडा विचार करणे उपयुक्त ठरेल. दिवसाला पंधरा पेन्स म्हणजे आठवड्याला आठ शिलिंग नऊ पेन्स. याच काळात आपण आठवड्याला सतरा शिलिंगांत राहत होतो, असे ते अन्यत्र सांगतात. म्हणजे निम्म्याहून किंचित अधिक रक्कम अन्नावर आणि उरलेले सव्वाआठ शिलिंग भाडे व किरकोळ खर्चावर जात. त्या वर्षांत रुपयाचा भाव दीड शिलिंगाहून थोडा कमीच होता. तेव्हा मुंबईच्या शेठने ठरविलेला सव्वा रुपयाचा दंड हा गांधींच्या लंडनमधील जवळजवळ दीड दिवसाच्या अन्नाइतका होता! जातीने निरोपाची जी किंमत ठरविली, तीत परदेशातील दीड दिवसाची भूक भागली असती.

येथे ‘स्वयंपाक शिकणे’ या शब्दप्रयोगाकडे बारकाईने पाहिले पाहिजे. लापशी ढवळणे व पाणी उकळणे यास कोणतीही गृहिणी स्वयंपाक म्हणणार नाही. परंतु राजकोटच्या दिवाणाच्या घरी वाढलेल्या मुलाने चुलीशी कधी काम करावे, अशी अपेक्षाच नव्हती. आई, पत्नी, भावजया असताना पुरुषाने स्वयंपाकघरात जाण्याचे कारण केवळ जेवणे हेच. महाराष्ट्रातील स्थिती या बाबतीत काहीशी निराळी होती, याची नोंद घ्यावयास हवी. येथील गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून किंवा माधुकरी मागून शिके, आणि ज्याला ते जमत नसे तो हाताने करून खाई. सोवळ्यात स्वयंपाक करणारे आचारी व पुजारी हे पुरुषच असत. तेव्हा पुरुषाने शिजविणे हे आपल्याकडे सर्वस्वी अपरिचित नव्हते. मात्र ते एकतर दारिद्र्याचे लक्षण होते किंवा शुचितेचे. गांधींच्या बाबतीत ते यांपैकी काहीच नव्हते. त्यांना घरून पैसा येत होता, आणि इंग्रज घरमालकिणीच्या भांड्यांतील अन्न त्यांनी विटाळाच्या भयाने टाळले नव्हते. काटकसर, प्रतिज्ञा आणि स्वतःवर प्रयोग करण्याची वृत्ती यांतून त्यांचा स्टोव्ह पेटला. माझ्या मते हा प्रकार नवा होता.

त्याचा परिणाम जिभेवरही झाला. घरून येणारे मसाले आणि मिठाई त्यांनी बंद केली. रिचमंडमध्ये जो पालक बेचव लागला होता तोच आता त्यांना आवडू लागला, आणि चवीचे ठिकाण जिभेपेक्षा मनात अधिक असते, अशा निष्कर्षावर ते आले. अंडी वर्ज्य की नाहीत, या प्रश्नावरही त्यांनी घोळ घातला. मांस कशाला म्हणावे याच्या इंग्लंडातील शाकाहारी मंडळींत निरनिराळ्या व्याख्या होत्या. अखेर प्रतिज्ञा देवविणाऱ्या आईला जो अर्थ अभिप्रेत होता तोच आपल्याला बंधनकारक, असे ठरवून त्यांनी अंडी सोडली. मग शाकाहारी उपाहारगृहातही प्रत्येक पदार्थात अंडे आहे काय, याची चौकशी करणे आले. १८९० मध्ये ते लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर गेले, आणि १८९१ साली ‘द व्हेजिटेरियन’ या साप्ताहिकात भारतीयांच्या आहाराविषयी त्यांचे लेख प्रसिद्ध झाले. पुढे राष्ट्राचा नेता होणाऱ्या या माणसाचे पहिले छापील लेखन राज्यशास्त्रावर वा कायद्यावर नव्हते; ते डाळ-भात-पोळीवर होते. पुढे त्यांनी लंडनमध्ये शिकावयास येणाऱ्या भारतीयांसाठी एक मार्गदर्शिकाही लिहिली. आठवड्याला एका पौंडात कसे राहता येते, हे तीत दाखविण्याचा त्यांचा उद्देश होता.

भोजने खाऊन मिळविलेली सनद

बॅरिस्टर होण्याची तत्कालीन रीत पाहिली म्हणजे या कथेतील विसंगती अधिकच लक्षात येते. परीक्षा सोप्या होत्या. खरी अट होती ती ‘टर्म’ भरण्याची, आणि टर्म भरणे म्हणजे इनर टेंपलच्या भोजनगृहात जेवणे. प्रत्येक सत्रात सुमारे चोवीस भोजने होत. त्यांतील किमान सहांना उपस्थित राहावे लागे. बारा सत्रे म्हणजे किमान बहात्तर भोजने. प्रत्यक्ष खाल्लेच पाहिजे असे नव्हते. ठरलेल्या वेळी हजर राहून भोजन संपेपर्यंत बसणे पुरेसे होते. चार जणांच्या गटाला मद्याच्या दोन बाटल्या मिळत. गांधी पीत नसल्यामुळे त्यांना आपल्या गटात घेण्यासाठी सहाध्यायांची चढाओढ लागे. मांसाच्या ताटांऐवजी ते प्रारंभी पाव, उकडलेले बटाटे आणि कोबी एवढेच घेत. पुढे त्यांनी व एका पारशी विद्यार्थ्याने अर्ज करून शाकाहारी पदार्थांची सोय करून घेतली.

आपल्याकडील पंगत आणि इनर टेंपलचे भोजन यांत रचनेचे साम्य विलक्षण आहे. दोन्हीकडे शेजारी बसून जेवण्याचा अधिकार हाच सभासदत्वाचा पुरावा होता. दोन्हीकडे स्थान ठरलेले, वेळ ठरलेली, आणि अन्नापेक्षा उपस्थितीला महत्त्व. मुंबईत एका पंगतीतून उठविला गेलेला तरुण लंडनमध्ये दुसऱ्या पंगतीत बसून वकिलीची सनद मिळवीत होता, आणि दोहोंच्या मध्ये, कोणत्याही पंगतीची न असलेली, त्याची खोलीवरची एकट्याची चूल होती. १० जून १८९१ रोजी त्यांना सनद मिळाली. त्याच सुमारास हॉलबर्न रेस्टॉरंट या मांसाहारी भोजनगृहात त्यांनी मित्रांना शाकाहारी निरोपभोजन दिले आणि आभाराचे भाषण करताना त्यांची वाचा बंद पडली.

मुगाची डाळ

एकट्याच्या चुलीला सोबत मिळाली ती नारायण हेमचंद्र यांची. हे गुजराती लेखक व अनुवादक परदेशी भाषा शिकण्याच्या ध्यासाने इंग्लंडात आले होते. त्यांचे ‘हुं पोते’ हे आत्मचरित्र १९०० साली प्रसिद्ध झाले. ते गुजरातीतील आद्य प्रकाशित आत्मचरित्रांपैकी एक होय. इंग्रजी येत नाही, पोशाख अजागळ, पण संकोचाचा लवलेश नाही, असे हे गृहस्थ गांधींकडे इंग्रजी शिकू लागले. दोघेही शाकाहारी असल्याने कधी याच्या खोलीवर तर कधी त्याच्या, असे जेवण होऊ लागले. गांधी इंग्रजी धर्तीवर शिजवीत. गाजराचे सूप वगैरे करीत. नारायण हेमचंद्रांना त्यांच्या या अभिरुचीची कीव येई. त्यांना डाळीवाचून चालत नसे. एकदा त्यांनी कोठून तरी मूग शोधून काढले, शिजविले आणि गांधींच्या खोलीवर घेऊन आले. गांधींनी ते आनंदाने खाल्ले.

हा प्रसंग आत्मकथेत तीन-चार वाक्यांतच येतो. पण मला तो महत्त्वाचा वाटतो. चवीचे ठिकाण मनात आहे, असे ठरवून मसाले सोडलेल्या माणसाने मुगाच्या वाटीपुढे कसलीही आढी धरली नाही. दुसरे असे की, गांधींनी पुस्तके वाचून आणि उपाहारगृहे पाहून शिजविणे शिकून घेतले, तर नारायण हेमचंद्रांनी घरची चव आठवून. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांत हे दोन प्रकार आजही आढळतात. एकाला तेथील जिनसांत भागविता येते, दुसरा मूग मिळेपर्यंत शहर पालथे घालतो.

या विद्यार्थ्यांच्या हाती पाककृतीचे पुस्तक असते तर? मराठीत अशी पुस्तके नव्हती असे नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघाले होते, आणि लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० मध्ये आले. परंतु या ग्रंथांचा वाचक भरलेल्या स्वयंपाकघरात उभा होता. एक पातेले, एक चमचा आणि एक स्टोव्ह घेऊन बसलेला एकाकी विद्यार्थी त्यांच्या नजरेसमोर नव्हता. शिवाय आपल्या स्वयंपाकाची खरी भाषा ‘अंदाजाने’ ही होय. अंदाज हा पाहून येतो, वाचून येत नाही. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी व चमचा यांच्या मापात पदार्थ सांगितले, आणि परदेशी जाणाऱ्या मराठी मंडळींच्या सामानात त्या पुस्तकाला जागा मिळाली, ती याच कारणाने. तोवर शिकण्याचा मार्ग एकच होता : करपणे, पुन्हा करणे.

विद्यार्थ्यांनी मिळून रांधण्याचाही एक प्रसंग येथे नोंदविला पाहिजे. २४ ऑक्टोबर १९०९ रोजी लंडनमध्ये भारतीयांनी विजयादशमीचे भोजन योजिले. अध्यक्षस्थानी गांधी आणि प्रमुख वक्त्यांत विनायक दामोदर सावरकर होते. टी. एस. एस. राजन यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार भोजन शाकाहारी असावे, अशी गांधींची अट होती. म्हणून विद्यार्थी स्वतःच रांधू लागले. एक किरकोळ शरीरयष्टीचा मनुष्य येऊन त्यांच्यासोबत भांडी धुऊ आणि भाजी निवडू लागला. तो सायंकाळचा अध्यक्षच आहे, हे त्यांना मागाहून कळले. या सभेची आठवण आपल्याकडे दोन विचारसरणींची भेट म्हणून काढली जाते. भांडी कोणी धुतली, हा तपशील तीत क्वचितच येतो.

जिला शिकावे लागले नाही

आतापर्यंतचे विवेचन पुरुषांविषयी झाले. आनंदीबाई जोशी यांची कथा यापूर्वीची, १८८३ ते १८८६ या काळातील. काशीबाई कानिटकर यांनी १८८९ मध्ये लिहिलेले त्यांचे चरित्र हे मराठीतील महत्त्वाचे साधन होय. दुर्दैवाने आज बहुतेक वाचकांना आनंदीबाई आठवतात त्या श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीतून, आणि चरित्राची पाने न उलटताच त्यांच्याविषयी बोलले जाते.

चरित्रकारांनी नोंदविलेला एक प्रसंग असा की, अभ्यास सोडून स्वयंपाकघरात काम करताना आढळल्याबद्दल गोपाळरावांनी पत्नीस मारहाण केली. स्वयंपाक केला नाही म्हणून बायकोला मारणारे नवरे त्या काळी पुष्कळ होते. स्वयंपाक केला म्हणून मारणारा विरळाच. हीच मुलगी वयाच्या अठराव्या वर्षी एकटीने समुद्र ओलांडून ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे तिने निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील भाषणात जाहीर केले होते. या वचनाचा व्यवहारातील अर्थ रोजच्या ताटात उतरणार होता. न्यू जर्सीतील कार्पेंटर कुटुंबात तिला माया लाभली. पण फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्यावर भाड्याच्या खोलीत राहून आपले अन्न आपणच शिजविणे तिला भाग पडले. खोलीतील शेगडी नीट पेटत नसे; धूर सोसावा की थंडी, असा प्रश्न होता. पुढे महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी तिला आपल्या घरी आश्रय दिला.

आनंदीबाईंना स्वयंपाक ‘शिकावा’ लागला नाही. तो त्यांना लहानपणापासून येतच होता. त्यामुळे त्यांच्या चरित्रात पहिल्या लापशीचा, करपलेल्या भाताचा, वीस मिनिटांच्या हिशेबाचा कौतुकाचा अध्याय नाही. आहे ती थंडी, धूर आणि अभ्यासाला न पुरणारा वेळ. गांधींच्या खोलीतील स्टोव्ह ‘प्रयोग’ ठरला. आनंदीबाईंच्या खोलीतील शेगडी इतिहासात ‘हाल’ म्हणून नोंदली गेली. हा फरक केवळ दोन व्यक्तींच्या स्वभावातील नाही. ज्याच्याकडून अपेक्षा नसते त्याने केलेली गोष्ट नोंदली जाते, जिच्याकडून असते तिची नोंद ती गोष्ट तिला झेपेनाशी झाल्यावरच होते. आनंदीबाईंनी ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. थंडी व अपुरा आहार यांचा वाटा त्यात किती, हे मोजता येणार नाही. पण हिशेबातून तो वगळताही येणार नाही. याच वर्षांत पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये वाँटेज येथे होत्या. १८८३ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरही त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि त्यावरून सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा वाद झाला. धर्म बदलला तरी ताट बदलत नाही, हे त्या भगिनींना उमगणे कठीण होते.

परतीची पंगत

गांधी १२ जून १८९१ रोजी लंडनहून निघाले. परतल्यावर थोरल्या भावाने त्यांना नाशिक येथे नेऊन गोदावरीत स्नान घडविले आणि राजकोटला जातभोजन दिले. गांधींना हे रुचले नाही, पण भावाच्या प्रेमापोटी त्यांनी ते केले. जातीचा एक गट त्याने निवळला, दुसऱ्याने बहिष्कार कायम ठेवला. राजकोटच्या घरात आता ओटची लापशी आणि कोको यांचा शिरकाव झाला. कोको हा चहा-कॉफीऐवजी यावयाचा होता. प्रत्यक्षात तो त्यांच्या जोडीला आला आणि घरखर्च वाढला! पुढे मुंबईत वकिलीसाठी बिऱ्हाड केल्यावर त्यांनी रविशंकर नावाचा ब्राह्मण स्वयंपाकी ठेवला. त्याला स्वयंपाक येत नव्हता आणि संध्याही येत नव्हती. गांधींनी पुन्हा एक स्टोव्ह आणला, विलायतेतील आपले शाकाहारी प्रयोग तेथे चालविले आणि मालक व स्वयंपाकी यांनी मिळून स्वयंपाकघर सांभाळले. एकमेकांच्या पंक्तीस बसण्याची अडचण दोघांनाही उरली नाही. तक्रार होती ती रविशंकरच्या अस्वच्छतेची.

गांधींना परतीसाठी नाशिकचा मार्ग उपलब्ध होता. टिळक-रानड्यांनाही प्रायश्चित्ताचा होता. अन्नाने मोडलेले नाते अन्नानेच सांधण्याची ती व्यवस्था होती. डॉ. आंबेडकरांपुढे असा कोणताच मार्ग नव्हता, कारण ज्या पंगतीतून ते कधी उठलेच नव्हते तीत त्यांना परत घेण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते व तेथून लंडनला गेले. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसून गेली होती, असे त्यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. चार जणांत बसून जेवणे ही इतरांना क्षुल्लक वाटणारी गोष्ट या पुसून जाण्यात किती मोठी असेल, याचा विचार व्हावयास हवा. १९१७ मध्ये ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया देऊन, पारशी असल्याचे भासवून ते राहिले. वरच्या मजल्यावरील अडगळीने भरलेल्या दालनात एकट्यानेच जेवावयाचे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर पडावयास लावले. दोन विद्यापीठांत शिकून आलेल्या विद्वानाला त्या शहरात हिंदूच्या वा मुसलमानाच्या घरी आसरा मिळाला नाही.

१९२० मध्ये ते अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. या वेळी पैसा आणखी तुटपुंजा होता. घरमालकीण सकाळी माशाचा तुकडा, पावाचा काप आणि चहा देई. दिवस ब्रिटिश संग्रहालयाच्या ग्रंथालयात जाई. रात्री दहाच्या सुमारास भूक अनावर होई. धनंजय कीर यांच्या चरित्रात याविषयी एक तपशील आहे. कोणा ओळखीच्या भारतीयाने त्यांना पापडांची एक जुडी दिली होती. त्यांतील चार पापड ते पत्र्याच्या तुकड्यावर भाजीत आणि कपभर दुधाबरोबर खात. मग पुन्हा वाचावयास बसत, ते पहाटेपर्यंत. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध याच खोलीवरील रात्रींत आकाराला आला आणि १९२३ मध्ये त्यावर त्यांना लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळाली.